सर, शनी गेला!

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर मुलांना शनी दाखवायचे ठरवले. दुर्बीण साधी, हाताने सरकवायची. पहिल्या मुलाने कडी पाहिली, दुसऱ्यानेही पाहिली. तिसरा डोळा लावून ओरडला, "सर, शनी गेला!" मी दुर्बीण पुन्हा लावली, पुन्हा तेच. रांग संपायच्या आत ढग आले आणि शेवटची मुलगी न पाहताच घरी गेली.

शनी कुठेच गेला नव्हता, फिरलो होतो आपण. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकलेले दिसते. दुर्बिणीत अर्ध्या अंशाचे आकाश दिसत असेल, तर तारा या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम दोन मिनिटांत जातो.

माणसाने यावर घड्याळाचा उपाय शोधला. इस्तंबूलच्या वेधशाळेत तकीउद्दीन यांनी ताऱ्यांची स्थाने ठरवताना यांत्रिक घड्याळाची मदत घेतली. पण १५८० मध्ये सुलतान तिसऱ्या मुरादच्या हुकमाने ती वेधशाळाच पाडली गेली. तिथे घड्याळ फक्त वेळ सांगत होते. वेधयंत्रच घड्याळाने फिरवावे, ही कल्पना इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६७४ मध्ये मांडली.

दुर्बिणीत ती नीट उतरली १८२४ मध्ये. जर्मनीच्या योसेफ फ्राउनहोफर यांनी दोर्पातच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तूच्या वेधशाळेसाठी सुमारे २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण बनवली. तिचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर होता. त्यामुळे पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच गतीने तेवढा एक आस फिरवला की तारा जागचा हलत नसे. हे काम खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारी दातेरी चाके करीत. याच दुर्बिणीने स्त्रूव्ह यांनी तीन हजारांवर जोडताऱ्यांची यादी केली. पुढे वजनाची जागा विजेच्या मोटरने घेतली, तत्त्व तेच राहिले.

मात्र सामान्यांच्या हाती आल्या त्या साध्या दुर्बिणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी असलेल्या जॉन डॉब्सन यांनी स्वस्त सामानातून दुर्बिणी घडवल्या आणि फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवले. त्या हातानेच फिरत. १९७७ मध्ये आद्रियाँ पोंसे या फ्रेंच हौशी माणसाची युक्ती छापून आली. दुर्बिणीला हात लावायचा नाही, तिच्याखाली हळूहळू कलणारा पाट ठेवायचा. त्याला छोटी मोटर जोडली की साधारण तासभर आकाश थांबल्यासारखे दिसते. मग पाट मागे आणायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

असा पाट करायला मी सुतारमित्राला सांगितले आहे. आमच्या गावी ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. पाटाचा आस तिकडेच रोखावा लागेल. तो तयार होईल तेव्हा होईल. पुढच्या वेळी रांग मात्र उलटी लावणार आहे, त्या शेवटच्या मुलीपासून.