ठाण्यापासून संसदेपर्यंत

पालीसारख्या क्षेत्रीं, बल्लाळेश्वराच्या माघी यात्रेच्या गर्दींत, सामान्य माणसास राज्यसत्तेचें जें रूप प्रथम दिसतें तें फौजदाराचें. मंत्री वर्तमानपत्रांत दिसतो, फौजदार नाक्यावर. चाकरींत असेतों त्यानें कोणत्याहि पक्षाचें असूं नये, असा दंडक आहे. म्हणूनच गणवेष उतरवून त्यानें पक्षाचा ध्वज हातीं घेतला म्हणजे लोक त्याच्या मागील चाकरीकडेहि नव्या दृष्टीनें पाहूं लागतात.

महाराष्ट्रांत याचीं दोन उदाहरणें विशेष लक्षांत घेण्याजोगीं आहेत. सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म १९४१ सालीं सोलापुरांत, दलित कुटुंबांत झाला. सोलापूरच्या न्यायालयांत शिपायाची चाकरी करीत त्यांनीं शिक्षण पुरें केलें आणि मग मुंबईस पोलीस उपनिरीक्षक झाले. ही चाकरी त्यांनीं १९७१ सालीं सोडली. शरद पवार यांच्या प्रोत्साहनानें ते काँग्रेसमध्यें आले, आणि १९७४ सालीं करमाळ्याच्या पोटनिवडणुकींत विधानसभेवर निवडून गेले. मधलीं तीन वर्षें लोकांत हिंडण्यांत गेलीं, हें येथें महत्त्वाचें. पुढें २००३ सालीं मुख्यमंत्रिपद, नंतर आंध्र प्रदेशाचें राज्यपालपद, आणि ३१ जुलै २०१२ रोजीं देशाचें गृहमंत्रिपद त्यांच्याकडे आलें. एकेकाळचा उपनिरीक्षक आतां देशाच्या गृहखात्याचा प्रमुख झाला! त्याच दिवशीं निम्म्या भारताची वीज गेली होती, आणि वीजखातेंहि तोंवर त्यांच्याचकडे होतें. हा योगायोग टीकाकारांनीं त्यांस विसरूं दिला नाहीं.

दुसरें उदाहरण वरून खालीं येणाऱ्या जिन्याचें. सत्यपाल सिंह हे १९८० च्या तुकडीचे, महाराष्ट्राकडे नेमलेले अधिकारी. नागपूर व पुणें येथील आयुक्तपदें भूषवून, आझाद मैदानावरील दंग्यानंतर, ऑगस्ट २०१२ मध्यें ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. जानेवारी २०१४ च्या अखेरीस त्यांनीं स्वेच्छानिवृत्ति घेतली आणि फेब्रुवारीच्या आरंभींच भारतीय जनता पक्षांत प्रवेश केला. त्याच वर्षीं बागपतमध्यें अजितसिंह यांच्यासारख्या मुरब्बी नेत्यास मागें टाकून ते दोन लाखांहून अधिक मताधिक्यानें लोकसभेवर गेले. २०१७ सालीं ते राज्यमंत्री झाले. जानेवारी २०१८ मध्यें औरंगाबाद येथें त्यांनीं डार्विनचा सिद्धांत अशास्त्रीय ठरविला, तेव्हां देशांतील शास्त्रज्ञांनीं जाहीर निषेध केला. रसायनशास्त्राच्या पदवीधरानें असें बोलावें याचें नवल वाटतें. पण आयुक्ताच्या खोलींत प्रतिप्रश्न फारसे होत नसतात.

अडचण आहे ती या कांहीं दिवसांच्या अंतराची. निवृत्त अधिकाऱ्यास खाजगी कंपनींत जावयाचें तर वर्षभर सरकारची परवानगी लागते. निवडणुकीस मात्र कसलीच मुदत नाहीं. ती असावी अशी शिफारस निवडणूक आयोगानें केली होती. सरकारनें ती मानली नाहीं. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हा प्रश्न विधिमंडळाचा आहे, असें सांगून अर्ज फेटाळला. अधिकारी हाहि नागरिकच, हें खरें. तथापि काल ज्याच्या हातीं तपास होता तो आज उमेदवार झाला, तर त्या तपासांतील फिर्यादी आणि आरोपी या दोघांच्याहि मनांत एकच शंका येते, आणि तिचें निरसन कोणत्याहि मताधिक्यानें होत नाहीं.

ज्या निवडणुकींत सिंह जिंकले, त्याच २०१४ च्या निवडणुकींत गृहमंत्री शिंदे सोलापुरांत पडले. २०२४ सालीं बागपतची जागा मित्रपक्षाकडे गेली. सिंह रिंगणांत नव्हते. सोलापुरांत शिंदे यांच्या कन्या प्रणिती निवडून आल्या.