सी, सी प्लस प्लस आणि फाइलचं शेपूट

निमित्त तुळजापूरच्या भाचीचं. यंदा ती कॉम्प्युटर शिकतेय. लॅबमध्ये जुन्या टर्बोच्या निळ्या पडद्यावर तिचा प्रोग्राम चालतो, घरी लॅपटॉपच्या नव्या कंपायलरवर चालत नाही. "मामा, सी आणि सी प्लस प्लस एकच ना? की माझंच डोकं चालत नाही?"

डोकं ठीक आहे, घोळ इतिहासात आहे.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी घडवली. तिथेच १९७९ मध्ये ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी सीला 'क्लास'ची जोड द्यायला घेतली. त्या भाषेला १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळालं. सीमध्ये '++' म्हणजे एकने वाढव! जुनं लिखाण वाया जाऊ नये म्हणून सीचं बहुतेक सगळं तिने ठेवून घेतलं. म्हणून दोघी इतक्या सारख्या दिसतात.

त्यात १९९० मध्ये बोरलँड कंपनीचा टर्बो सी प्लस प्लस आला. एकाच खिडकीत दोन्ही भाषा. गंमत म्हणजे, नव्या फाइलचं नाव आपोआप 'नोनेम००.सीपीपी' पडायचं, आणि 'सीपीपी' शेपूट दिसलं की कंपायलर ती सी प्लस प्लस समजायचा. म्हणजे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उघडून सी गिरवणारी कितीतरी पोरं कंपायलरच्या लेखी सी प्लस प्लसच लिहीत होती!

मग ओळखायचं कसं? 'प्रिंटएफ'वरून नाही, ते दोन्हीकडे चालतं. 'सीआउट' किंवा 'क्लास' दिसलं की सी प्लस प्लस. पण लेक काही बाबतींत आईपेक्षा कडक आहे. सीमध्ये एखाद्या व्हेरिएबलचं नाव 'क्लास' ठेवता येतं, सी प्लस प्लसमध्ये तो शब्द राखीव. 'मॅलॉक'ने दिलेला पत्ता सीमध्ये थेट कुठल्याही पॉइंटरमध्ये ठेवा, सी प्लस प्लसला आधी प्रकार सांगावा लागतो.

भाचीचा प्रोग्राम अडला तो पहिल्याच ओळीत: 'आयओस्ट्रीम.एच'. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, त्यात हे 'एच' गळालं. टर्बो त्याच्या आधीचा, त्याला कोण सांगणार!

लहान गावातली हुशार मुलं अशा वेळी गप्प बसतात, आपल्याला जमत नाही असं धरून चालतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: स्वतःला नावं ठेवण्याआधी फाइलचं शेपूट बघा आणि कंपायलरचं वय विचारा.