स्पेशालिस्टर्ने

स्पेशालिस्टर्ने ही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांना माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात रोजगार देणारी डॅनिश कंपनी आहे. डॅनिश भाषेत या नावाचा अर्थ ‘विशेषज्ञ’ असा होतो. थोर्किल सोन्ने यांनी २००४ मध्ये डेन्मार्कमध्ये तिची स्थापना केली.

स्थापना

सोन्ने हे दूरसंचार क्षेत्रातील तंत्रज्ञ होते. त्यांच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे लहानपणीच निदान झाले. बारकाव्यांकडे लक्ष, स्मरणशक्ती आणि एकाग्रता हे अनेक स्वमग्न व्यक्तींमध्ये आढळणारे गुण संगणकप्रणालींच्या चाचणीसाठी उपयुक्त आहेत, हे त्यांनी हेरले. डँडेलियन या रानरोपाचे बी कंपनीचे बोधचिन्ह आहे. हिरवळीत हे रोप तण म्हणून उपटले जाते, तर अन्यत्र तेच औषधी वनस्पती म्हणून जोपासले जाते.

निवडपद्धती व काम

नेहमीच्या मुलाखतीत नजरेला नजर देणे, अनौपचारिक संभाषण करणे आणि स्वतःची प्रशंसा करणे अपेक्षित असते. यामुळे सक्षम स्वमग्न उमेदवारही मागे पडतात. स्पेशालिस्टर्नेने मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष कृतीवर भर दिला. उमेदवार लेगो माइंडस्टॉर्म्स संचातून यंत्रमानव तयार करत आणि परीक्षक त्यांची कार्यपद्धती पाहत असत. कर्मचारी मुख्यतः संगणकप्रणालींची चाचणी व माहितीची नोंद ही कामे करतात. सूचना स्पष्ट शब्दांत देणे, गोंगाट टाळणे आणि दिनक्रम ठरावीक ठेवणे यांवर कामाच्या ठिकाणी भर असतो. कंपनी दया म्हणून काम मागत नाही. ग्राहकांकडून बाजारभावाने मोबदला घेते.

प्रसार

सोन्ने यांनी २००८ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. जगभरात दहा लाख रोजगार निर्माण करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. एसएपी या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये स्पेशालिस्टर्नेच्या सहकार्याने स्वमग्न व्यक्तींच्या नियुक्तीचा जागतिक उपक्रम जाहीर केला. त्याआधी भारतात बंगळूर येथे सहा जणांची चाचणीकार म्हणून प्रायोगिक नियुक्ती झाली होती. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ मध्ये असाच उपक्रम सुरू केला. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला आहे.

मर्यादा

अशा उपक्रमांच्या यशामुळे ‘प्रत्येक स्वमग्न व्यक्ती गणितात वा संगणकात निपुण असते’ असा गैरसमज पसरण्याचा धोका असतो. वस्तुतः स्वमग्नतेचे स्वरूप व्यक्तीगणिक भिन्न असते. अनेकांचा कल कला, बागकाम वा प्राणिसंगोपन यांकडे असतो, तर काहींना दैनंदिन जीवनातही सतत आधार लागतो. त्यामुळे व्यक्तीची उपयुक्तता हा तिच्या सन्मानाचा निकष ठरू नये, असे स्वमग्न व्यक्तींच्या हक्कांसाठी कार्य करणारे आग्रहाने मांडतात. तथापि, उमेदवाराची पात्रता त्याच्या संभाषणकौशल्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून ठरवावी, हा या प्रयोगाचा धडा स्वमग्न नसलेल्या उमेदवारांच्या बाबतीतही लागू पडतो.