संधिवात

सांध्यांचा दाह किंवा झीज यांतून उद्भवणाऱ्या शंभराहून अधिक विकारांचे सामाईक नाव. बोलण्यात ‘वात’ म्हटले की कंबरदुखीपासून पायाला येणाऱ्या मुंग्यांपर्यंत काहीही त्यात मोडते. येथे विचार फक्त सांध्यांचा.

रचना : नमुन्यादाखल गुडघा घ्यावा. मांडीचे हाड आणि नडगी यांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, पुढे वाटी, आत व बाजूंना अस्थिबंध. सांध्याच्या पिशवीला आतून सायनोव्हियमचे अस्तर असते. त्यातून पाझरणारे वंगण निरोगी गुडघ्यात चमचाभरही नसते. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. सांध्यावर भार पडतो-सुटतो तसे वंगण तिच्यात मुरते, त्यावरच तिचे पोषण. त्यामुळे ती सहसा भरून येत नाही, आणि झिजू लागली तरी आधी दुखत नाही. दुखते ते हाडापर्यंत किंवा अस्तरापर्यंत लोण पोचल्यावर. क्ष-किरण चित्रात गुडघा पार झिजलेला आणि माणूस मात्र खुशाल चालतो आहे, असेही आढळते.

कारणे : ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे झिजेचा संधिवात. वय, वजन, जुनी दुखापत व आनुवंशिकता ही त्याची मुख्य कारणे. मांडी घालून बसण्याने गुडघे झिजतात का, याबद्दल मतभेद आहेत. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सायनोव्हियमवर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि कूर्चा व हाड पोखरते. सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांतून होते. सकाळी बोटे तासभर आखडलेली राहणे ही त्याची खूण. झिजेच्या विकारात हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. गाऊटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात.

भिगवण पाहणी : उजनी जलाशयाच्या काठचे भिगवण (जि. पुणे) आज रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी संधिवातशास्त्रात त्याचे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली येथे घरोघर पाहणी केली. रुग्णालयातल्या नोंदींत दवाखान्याची पायरी चढलेलेच रुग्ण दिसतात. इथे उंबऱ्याआतले दुखणेही मोजले गेले. 4,092 प्रौढांपैकी 18.2 टक्क्यांना हाडा-सांध्यांचे दुखणे होते. झिजेचा विकार 5.8 टक्के, तर ज्याची धास्ती अधिक तो आमवात जेमतेम 0.5 टक्के. शेतीच्या गावात सांध्यांकडेही लक्ष द्यायला हवे, असे हे आकडे सुचवतात.

चिकनगुनिया : या विषाणूजन्य तापामागून येणारी सांधेदुखी कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. 1973 मध्ये बार्शीत (जि. सोलापूर) मोठी साथ आली. नंतरची सुमारे तीन दशके देशात शांततेची गेली, आणि 2005-06 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गावेच्या गावे सांधे धरून बसली.

परिणाम : जुनाट आमवातात बोटे करंगळीच्या बाजूला कलतात, वेणी घालणे, कुकरचे झाकण लावणे, सदऱ्याची गुंडी अडकवणे जड जाते. झिजलेल्या गुडघ्याचा पाय बाहेरच्या बाजूला वाकतो, उकिडवे बसणे सुटते. आमवात सांध्यांपुरता राहत नाही. फुप्फुसे, डोळे आणि हृदयालाही झळ पोचू शकते.

उपचार : वजन घटवणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वेदनाशामके, शेवटच्या टप्प्यात सांधेरोपण. आमवातावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते.