जीपच्या डॅशबोर्डवरचं रेडियम

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर रात्री गाडी चालवणं म्हणजे परीक्षाच. पुढे उसाची डबल ट्रॉली असते, तिचा टेललाइट चालू असेलच याची खात्री नसते, आणि मागच्या फळीवर लाल-पिवळी पट्टी चमकली तर आपण वेळेत ब्रेक मारतो. त्या पट्टीला आपण सगळे काय म्हणतो? रेडियम. चौकाचौकात 'रेडियम'ची दुकानं आहेत, नंबरप्लेटपासून 'आई-वडिलांचा आशीर्वाद'पर्यंत सगळं तिथं कापून मिळतं.

गंमत अशी की त्या पट्टीत रेडियमचा एक अणूसुद्धा नसतो. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा छोटे छोटे प्रिझम असतात, आणि ते तुमच्याच हेडलाइटचा उजेड आल्या वाटेनं परत पाठवतात. लाइट बंद करा, पट्टी मेली. मुलांच्या खोलीत छताला चिकटवायचे हिरवे तारे असतात, त्यांनाही आपण रेडियमचे म्हणतो. त्यातही रेडियम नाही. ते दिवसाचा उजेड साठवून रात्री हळूहळू सोडतात, एवढंच.

मग हा शब्द आपल्याकडे आला कुठून? माझा अंदाज असा की जुन्या 'रेडियमच्या घड्याळा'तून. अंधारात काटे चमकणारी घड्याळं आजोबांच्या पिढीनं पाहिली होती, आणि त्या काट्यांवर खरोखरच रेडियम असायचं. पुढे वस्तू बदलली, नाव तेच राहिलं. माझी पीएच.डी. अशा उजेड देणाऱ्या पदार्थांवर, म्हणजे फॉस्फरवर आहे, त्यामुळे हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. तरी मी याकडे मजा म्हणूनच बघत होते. गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या एका शेडमध्ये गेले तोपर्यंत.

ओळखीतले एक काका तिथं जुनी लष्करी जीप दुरुस्त करत होते. त्यांच्या वडिलांनी ती लिलावातून घेतलेली. बॉडी, इंजिन सगळं झालं होतं, आता आतलं काम चाललेलं. सीटला खाकी कॅनव्हास शिवून आला होता. ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी (हो, या जीपमध्ये टाकीवरच बसायचं असतं) रंगवून वाळत ठेवली होती. राहिला होता डॅशबोर्ड. मधे मोठा स्पीडोमीटर, त्याच्याभोवती चार छोटे गेज: पेट्रोल, अँपिअर, ऑइल, टेंपरेचर. काही मूळचे, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले. शेडमधला पोरगा एका गेजची काच काढून, हातात पॉलिश पेपर घेऊन बसला होता. काटा काळपट पिवळा पडला होता. काका म्हणाले, "घासून घेतो आणि वरून रेडियम मारून घेतो."

मी म्हटलं, "काका, थांबा. त्याच्यावर बहुतेक आधीच आहे."

आता थोडं मागे जाऊ. जीपचा जन्म घाईतला. 1940च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्करानं 135 कंपन्यांना हलक्या टेहळणी गाडीची मागणी पाठवली आणि पहिला नमुना द्यायला मुदत दिली 49 दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं 23 सप्टेंबर 1940ला गाडी हजर केली. पण बँटमकडे मोठा कारखाना नव्हता, त्यामुळे मोठ्या ऑर्डरी गेल्या विलीज आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. भारतातही त्या आल्या, कारण ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीची रसद इथूनच जायची. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन फौजेचा इथं उरलेला माल परत नेण्यापेक्षा विकणं सोपं होतं. अशा जुन्या गाड्या मग लिलावातून कंत्राटदार, बागायतदार, जंगलखाती अशा सगळ्यांकडे पसरल्या. महिंद्रांनी 1947पासून विलीजच्या जीप इथं जुळवायला घेतल्या ती पुढची गोष्ट. (इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीही 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती, पण उसाच्या फडात शिरली ती जीपच. याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

रात्रीच्या लष्करी ताफ्याला उजेड म्हणजे शत्रू. म्हणून जीपला ब्लॅकआउट दिवे असायचे, फक्त मागच्याला पुढचा दिसावा इतपत मिणमिणते. डॅशबोर्डवरही झगझगीत दिवा चालत नाही. तरी ड्रायव्हरला ऑइलचं प्रेशर तर दिसायला हवं. यावर एक उत्तर तयार होतं: काट्यावर आणि आकड्यांवर असा रंग लावा जो आपला आपण चमकेल. त्या काळच्या विमानांच्या, बोटींच्या आणि काही लष्करी वाहनांच्या गेजवर तोच रंग लावला जायचा.

या रंगात दोन गोष्टी असतात. एक झिंक सल्फाइड, ज्यात किंचित तांबं मिसळलेलं असतं. हा फॉस्फर. दुसरं रेडियमचं क्षार, अगदी चिमूटभराच्याही चिमूटभर. रेडियम सतत अल्फा कण फेकत राहतं, कण फॉस्फरवर आदळला की हिरवट ठिणगी पडते. अशा असंख्य ठिणग्या मिळून काटा चमकतो. बॅटरी नको, ऊन नको. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898मध्ये रेडियम शोधलं, आणि वीसेक वर्षांत ते घड्याळांवर येऊनही बसलं.

त्याची किंमत कोणी मोजली? न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि इलिनॉय इथल्या कारखान्यांत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींनी. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायची पद्धत होती, तशी शिकवणच होती. दिवसातून कितीतरी वेळा. रेडियम आवर्तसारणीत कॅल्शियमच्याच रांगेत बसतं, त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवतं. आधी दात गेले, मग जबडे कुजले, मग हाडांचे कॅन्सर. 1927मध्ये न्यू जर्सीतल्या पाच जणी कोर्टात गेल्या आणि 1928मध्ये तडजोड झाली. यानंतर रंगवायच्या पद्धतीत बंधनं आली, पण रंग बंद झाला नाही. उलट दुसऱ्या महायुद्धात त्याची मागणी वाढली.

इथं माझ्या विषयाचा भाग येतो, आणि तो समजून घ्या, कारण सगळी चूक इथंच होते. जुना काटा अंधारात चमकत नाही, म्हणून लोक म्हणतात "रेडियम संपलं". संपलेला असतो फॉस्फर. वर्षानुवर्षं अल्फा कणांचा मार खाऊन झिंक सल्फाइडच्या स्फटिकाची रचना बिघडते आणि तो उजेड देणं सोडतो, काटा तपकिरी पडतो. रेडियम मात्र तिथंच असतं. त्याचं अर्धायुष्य 1600 वर्षं. 1943 साली रंगवलेल्या गेजमध्ये आज मूळच्या रेडियमपैकी साधारण 96 टक्के शिल्लक आहे. आपल्याकडे वाकाटक राज्य करत होते तेव्हा जर कोणी तो काटा रंगवला असता, तर आज कुठं निम्मं संपलं असतं.

काच शाबूत असेल तर अल्फा कण बाहेर येत नाहीत, ते कागदानंही अडतात. रेडियमपासून पुढे जी मूलद्रव्यं बनतात त्यांचे गॅमा किरण येतात, म्हणून मीटर वाजतो. रेडॉन वायूही थोडा झिरपतो, त्यामुळे असे गेज बंद कपाटात साठवून ठेवणं वाईटच. पण खरा धोका धुळीचा. ऐंशी वर्षांचा रंग ठिसूळ होतो, पापुद्रे सुटतात. तो पॉलिश पेपरनं घासला, फुंकर मारली आणि श्वासातून आत गेला, की मग अल्फा कणांना अडवायला काचही नाही आणि कागदही नाही.

दुसऱ्या खेपेला मी मीटर घेऊन गेले. स्पीडोमीटर गप्प. पेट्रोलचा गेज गप्प. ऑइलच्या गेजजवळ नेला तशी टिकटिक वाढली, आणि जुन्या बाजारातून आलेल्या एका सुट्या गेजजवळ ती मोजता येईना. पोरगा ज्याची काच काढून बसला होता तो कुठला? तोच सुटा. त्या दिवशी त्यानं पेपर मारलेला नव्हता, मी स्वतः बघितलं होतं. पण आधीच्या आठवड्यात आणखी एक गेज त्यानं साफ केला होता का, हे त्याला नक्की आठवत नव्हतं. आम्ही बाकडं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, झाडू मारू दिला नाही, पुन्हा मीटर फिरवला. बाकड्यावर काही सापडलं नाही. त्या पोराचं वय एकोणीस.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर काच काढू नका, घासू नका, फुंकू नका. रंग चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि डोळ्यांनी ओळखता येईल असंही समजू नका, त्याला मीटरच लागतो. काच फुटलेली असेल तर तो गेज जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि वावर नसलेल्या, हवा खेळत्या जागी ठेवा. भंगारात देऊ नका, तिथं तो हातोड्याखाली जातो. अशा वस्तूंचं काय करायचं हे विचारायची जागा म्हणजे मुंबईच्या अणुशक्तीनगरमधलं अणुऊर्जा नियामक मंडळ, आणि काकांनी तिथंच पत्र टाकलंय. डॅशबोर्डसाठी नव्यानं बनवलेले, त्याच नमुन्याचे गेज मिळतात. मूळ वस्तू जपायच्या हट्टाला इथं मुरड घालावी असं माझं मत आहे. मूळपणाच्या बाबतीत हे काका फार कडक, कॅनव्हासच्या शिलाईचे टाके मोजणारे, त्यामुळे वाद झालाच.

शेवटी त्यांनी वेगळंच विचारलं. "वडील तीस वर्षं हीच गाडी चालवायचे. त्यांना काही झालं असेल का?"

मी त्यांना सांगितलं ते असं: काच बंद होती, गाडी उघडी होती, डॅशबोर्ड हातभर लांब होता. त्यातून मिळालेला डोस कमीच असणार. त्यांनी कधी गेज उघडले नसतील तर काळजीचं कारण दिसत नाही. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नाही, त्यांना आतल्या कामाची आवड नव्हती. फक्त चालवायचे."

जीप आता रस्त्यावर आहे. गेज नवे आहेत, अंधारात काही चमकत नाही. मागच्या पत्र्यावर मात्र काकांनी भवानीनगरच्या रस्त्यावरून लाल पट्टी लावून आणली. फोन करून म्हणाले, "मागनं रेडियम मारलंय बरं का. तुझ्यावालं नाही, आमच्यावालं."