झोनल बचाव : जागा राखण्याचे शास्त्र

फुटबॉलमध्ये गोल झाला, की सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न असतो, 'त्याला मोकळे कोणी सोडले?' ज्याच्यावर नजर ठेवायची होती तो निसटला, म्हणून गोल झाला, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. मात्र आज जगातील बहुतेक आघाडीचे संघ ज्या पद्धतीने बचाव करतात, तिच्यात हा हिशेब इतका सरळ राहत नाही. या पद्धतीत बचावपटूला कोणी ठरावीक माणूस नेमून दिलेला नसतो. त्याच्या वाट्याला येते ती जागा. आणि ती जागाही चेंडूबरोबर क्षणाक्षणाला बदलते. हाच झोनल बचाव.

माणसामागे धावण्याची किंमत

झोनल बचाव समजून घेण्यासाठी आधी त्याच्या विरुद्ध टोकाची पद्धत पाहावी लागते. 'मॅन टू मॅन मार्किंग'मध्ये प्रत्येक बचावपटूला एक प्रतिस्पर्धी वाटून दिलेला असतो. जबाबदारी स्पष्ट असते, हा तिचा मोठा गुण. पण बचावपटूने कोठे उभे राहायचे, हे अशा वेळी प्रतिस्पर्धीच ठरवू लागतो, आणि हाच तिचा मोठा दोष.

हा दोष २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे उघडा पडला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड नांदोर हिदेगकुटी नेहमीच्या जागी न थांबता मागे, मधल्या फळीत येऊन खेळू लागला. त्याच्यामागे जावे तर गोलसमोर खिंडार पडते आणि जागेवर थांबावे तर तो मोकळा राहतो, अशा पेचात इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन सापडला. हिदेगकुटीने तीन गोल केले आणि हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला.

या पेचावर दोन उत्तरे पुढे आली. इटलीत एकास एक बचावाच्या मागे 'लिबेरो' हा एक मोकळा बचावपटू ठेवला गेला. हेलेनिओ हेरेरा यांच्या इंटर मिलानने याच 'कातेनाच्चो' शैलीच्या बळावर १९६४ आणि १९६५ मध्ये युरोपियन कप जिंकला. ब्राझीलने दुसरा मार्ग धरला. चार बचावपटू एका रांगेत उभे करून जागा वाटून घेणाऱ्या ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंतच्या चार सामन्यांत एकही गोल स्वीकारला नाही.

चौकटी नव्हे, साखळी

मैदानावर काल्पनिक चौकटी आखायच्या आणि प्रत्येकाने आपापल्या चौकटीत पहारा द्यायचा, असा झोनल बचावाचा अर्थ अनेकदा घेतला जातो. तो चुकीचा आहे. कबड्डीतील साखळी डोळ्यांसमोर आणली, तर कल्पना अधिक स्पष्ट होते. चढाई करणारा ज्या बाजूला वळतो, त्या बाजूला साखळी सरकते. पण हातातील हात सुटू दिला जात नाही. फुटबॉलमध्ये हात धरलेले नसतात, अंतर मात्र तसेच राखावे लागते.

इटलीचे प्रशिक्षक आरिगो साक्की आपल्या खेळाडूंना चार गोष्टी सतत पाहायला सांगत : चेंडू, जागा, प्रतिस्पर्धी आणि आपले सहकारी. समजा, चेंडू बचाव करणाऱ्या संघाच्या डाव्या बगलेवर आला. डावा बचावपटू चेंडूवर चालून जातो. त्याने सोडलेली जागा झाकण्यासाठी शेजारचा मध्यवर्ती बचावपटू तिरका मागे सरकतो. दुसरा मध्यवर्ती बचावपटू त्याच्या जवळ येतो आणि उजवा बचावपटू तर थेट गोलसमोरच्या पट्ट्यात शिरतो. उजव्या बगलेवरील प्रतिस्पर्धी त्यामुळे मोकळा राहतो. पण ही चूक नसते, तो जाणीवपूर्वक पत्करलेला धोका असतो. सुमारे ६८ मीटर रुंदीचे मैदान चौघांना एकाच वेळी झाकता येत नाही. चेंडू लांबच्या बगलेवर पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात साखळी परत सरकू शकते, हे त्यामागचे गणित आहे.

रांगेने पुढे जायचे की मागे, हेही चेंडूवरच ठरते. चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याच्यावर दबाव असेल, तर रांग पुढे सरकते आणि प्रतिस्पर्धी आघाडीपटू ऑफसाइड सापडू शकतो. त्याला मान वर करून पास देण्याची उसंत मिळाली, तर रांगेने तत्काळ मागे हटणे भाग असते. म्हणजे बचावाची सुरुवात गोलरक्षकापाशी होत नाही. ती सर्वांत पुढच्या आघाडीपटूपासून होते.

साक्कींचे मिलान

या विचाराला परिपूर्ण रूप दिले ते साक्कींनीच. स्वतः व्यावसायिक फुटबॉल न खेळलेल्या या प्रशिक्षकाच्या पार्मा संघाने १९८६-८७ च्या मोसमात इटालियन चषक स्पर्धेत एसी मिलानला हरवले आणि १९८७ मध्ये मिलानने त्यांनाच आपल्याकडे आणले. पहिल्याच मोसमात मिलान विजेता ठरला. लीगच्या ३० सामन्यांत त्याने अवघे १४ गोल स्वीकारले.

१०५ मीटर लांबीच्या मैदानावर आपला शेवटचा बचावपटू आणि सर्वांत पुढचा आघाडीपटू यांत २५ मीटरपेक्षा जास्त अंतर पडू नये, असा साक्कींचा आग्रह होता. फ्रँको बारेसी, पाओलो माल्दिनी, मॉरो तासोत्ती, अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता यांची बचावफळी सरावात चेंडूविनाही एकत्र सरकण्याचे धडे गिरवत असे. एप्रिल १९८९ मध्ये या संघाने रियाल माद्रिदला ५-० असे हरवले. अंतिम सामन्यात स्टेआउआ बुखारेस्टचा ४-० असा पराभव करून युरोपियन कप जिंकला आणि १९९० मध्ये तो राखलाही.

स्वीडनमार्गे भारतात

उत्तर युरोपात ही पद्धत रुजवण्याचे श्रेय दोन इंग्लिश प्रशिक्षकांकडे जाते. बॉब हाऊटन १९७४ मध्ये स्वीडनच्या माल्मो संघाकडे गेले, तर रॉय हॉजसन १९७६ मध्ये हाल्मस्टाडकडे. हाऊटन यांच्या माल्मोने १९७९ मध्ये युरोपियन कपची अंतिम फेरी गाठली. हेच हाऊटन २००६ ते २०११ या काळात भारताचे प्रशिक्षक होते. महेश गवळी, समीर नाईक या गोव्याच्या बचावपटूंना घेऊन त्यांनी उभारलेल्या संघाने २००७ आणि २००९ मध्ये नेहरू चषक जिंकला आणि २७ वर्षांनंतर, २०११ मध्ये, भारत आशियाई चषकात खेळला. तेथे मात्र ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरिया यांच्याविरुद्ध तीन सामन्यांत भारताने १३ गोल स्वीकारले. वेगवान आणि अचूक पास देणाऱ्या संघांपुढे साखळीला सरकायला वेळच उरत नाही, हे वास्तव त्यातून दिसले.

दुबळे दुवे

या पद्धतीवर सर्वाधिक टीका होते ती कॉर्नर किकच्या वेळी. जागा राखणारा बचावपटू उभ्या जागेवरून उडी घेतो, तर आक्रमक धावत येऊन उंच झेपावतो. लिव्हरपूलचे प्रशिक्षक असताना राफाएल बेनितेझ यांना यावरून सतत बोल ऐकावे लागले. त्यामुळे अनेक संघ अशा वेळी दोन्ही पद्धतींचा मेळ घालतात : काही जण गोलसमोरच्या मोक्याच्या जागा राखतात, तर उरलेले उंच प्रतिस्पर्ध्यांना अडवतात.

जुनी पद्धतही मोडीत निघालेली नाही. ऑटो रेहागेल यांच्या ग्रीसने एकास एक बचाव करत २००४ ची युरो स्पर्धा जिंकली. जान पिएरो गास्पेरिनी यांच्या अटलांटाने मैदानभर माणसास माणूस भिडवत २०२४ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात, त्या मोसमात तोवर अपराजित असलेल्या बायर लेव्हरकुसेनला ३-० असे नमवले.

प्रश्न म्हणूनच कोणती पद्धत श्रेष्ठ, हा नाही. संघ कोणती किंमत मोजायला तयार आहे, हा आहे. एकास एक बचावात एकट्याची चूक लपत नाही. झोनल बचावात ती सगळ्यांत वाटली जाते आणि अनेकदा भलत्याच्याच माथी मारली जाते. गोलसमोर हतबल दिसणारा बचावपटू दोषी असेलच असे नाही. दोन पास आधी, चेंडू असलेल्या खेळाडूवर धावून जायला जो आघाडीपटू चुकला, साखळी तेथेच तुटलेली असते. ते दिसण्यासाठी प्रेक्षकाला चेंडूवरची नजर क्षणभर काढून बाकीच्यांच्या पावलांकडे पाहावे लागते.