स्पॅनिश शिकायचं, पण कुठल्या भाषेतून?

‘वर्षभरात स्पॅनिश शिका’ हे आश्वासन फोनच्या पडद्यावर इतक्यांदा दिसतं, की ते ॲपवाल्यांनीच शोधून काढलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते चारशे वर्षांपेक्षा जुनं आहे. १६१० साली फिलिपिन्समधल्या बाताआन प्रांतात एक पुस्तक छापलं गेलं. त्याच्या प्रस्तावनेत लेखक आपल्या भाईबंदांना धीर देतो: अभ्यास थोडा अवघड आहे खरा, पण चिकाटी धरली तर जमेल, आपल्यातल्याच काहींना या पुस्तकावरून शिकायला वर्षसुद्धा लागलं नाही. लेखकाचं नाव तोमास पिनपिन. धंद्याने मुद्रक, भाषेने टागालोग. पुस्तकाच्या नावाचा अर्थही सरळ: टागालोग लोकांनी कॅस्टिलियन भाषा शिकण्याचं पुस्तक. स्पॅनिशचं हे दुसरं नाव आजही चालतं.

शाळेचं वय उलटून गेलेल्या माणसाने नवी भाषा कशी शिकावी, या प्रश्नाला तेव्हापासून बरीच उत्तरं मिळाली आहेत. पण पिनपिनचं उत्तर मुद्दाम आठवावं असं आहे, कारण ते शिकणाऱ्याच्या बाजूला बसून लिहिलेलं आहे.

त्याच्या आधीची गोष्ट बघू. १४९२च्या ऑगस्टमध्ये कोलंबसची जहाजं स्पेनच्या किनाऱ्यावरून सुटली आणि त्याच महिन्यात आंतोनियो दे नेब्रिहा या पंडिताचं कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण प्रसिद्ध झालं. अर्पण केलं होतं राणी इसाबेलाला. भाषा ही कायम साम्राज्याची सोबतीण असते, असं त्याने प्रस्तावनेत बजावलं. जिंकलेल्या लोकांना विजेत्यांचे कायदे समजायला हवेत, तर त्यांना विजेत्यांची भाषा यायला हवी, असा त्याचा हिशोब होता. व्याकरणाचा पाचवा भाग त्याने खास परक्यांसाठी लिहिला. या मांडणीत शिकणारा म्हणजे हुकूम ऐकून घेणारा.

फिलिपिन्समध्ये मात्र घडलं उलटंच. स्पॅनिश पाद्र्यांनी लोकांना आपली भाषा शिकवण्याऐवजी स्वतःच तिथल्या भाषा शिकायला घेतल्या, कारण धर्मप्रसार लोकांच्या बोलीत लवकर होतो. आपल्याकडेही त्याच काळात हेच चाललं होतं. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालच्या गाद्या एकाच राजाकडे होत्या, म्हणजे १६१० साली मनिला आणि गोवा दोन्ही एकाच राजाच्या अमलाखाली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठीत ओव्या रचत होता. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं आणि त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली. हे सगळे ग्रंथ थोर खरे, पण ज्ञानाची दिशा एकच: बाहेरून आलेला माणूस इथली भाषा शिकतो, आणि मग राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधला दुभाषी तोच राहतो.

पिनपिन याच व्यवस्थेत काम करत होता. फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे या पाद्र्याने स्पॅनिश लोकांसाठी लिहिलेलं टागालोगचं व्याकरण त्यानेच छापलं, तेही १६१० सालीच. खिळे जुळवता जुळवता त्याने पाहिलं असणार, की परकी भाषा शिकवण्याचं पुस्तक असं असतं. मग त्याच वर्षी त्याने आरसा उलटा धरला आणि आपल्या लोकांसाठी पुस्तक काढलं. तुम्ही कास्तिलांचे कपडे घालता, त्यांच्या रीती उचलता, मग भाषाच तेवढी का सोडता, असं तो वाचकाला विचारतो.

पुस्तकाची पद्धत बघण्यासारखी आहे. समजावणं सगळं टागालोगमध्ये. जुन्या टागालोग लिपीत स्वरांची चिन्हं तीनच होती. ‘इ’ आणि ‘ए’ एकाच खुणेत, ‘उ’ आणि ‘ओ’ दुसऱ्या एकाच खुणेत. आपल्या माणसाची जीभ कुठे घसरते हे पिनपिनला ठाऊक होतं, कारण ती त्याचीही घसरली असणार. त्यामुळे आपल्या लोकांची कान आणि जीभ कुठे फसते यावर तो भर देतो. नंतर शब्दांच्या याद्या येतात, आणि मधे मधे गाणी: एक तुकडा टागालोग, लगेच त्याच अर्थाचा तुकडा स्पॅनिश. चाल लागली की अर्थ आणि उच्चार एकाच दमात पाठ होतात. स्पेनमध्ये बसून लिहिणाऱ्या पंडिताला हे पुस्तक जमलं नसतं, कारण त्याला टागालोग माणसाची अडचणच दिसली नसती.

हा मार्ग पुढे हमरस्ता झाला नाही. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांचा सरकारी आदेश निघाला थेट १८६३ साली, आणि १८९८ साली स्पेनची सत्ता गेली तेव्हाही ती भाषा येणारे थोडेच होते. भाषाशिक्षणाचा धंदा मोठा झाला तो अमेरिकेत. १८७८ साली मॅक्सिमिलियन बर्लिट्झने तिथे शाळा काढली आणि वर्गात मातृभाषेला बंदी घातली. वस्तू दाखवायची, हावभाव करायचे, पण बोलायचं फक्त नव्या भाषेत. यात तथ्य आहे; बोलल्याशिवाय बोलणं येत नाही. पण यात धंद्याची सोयही आहे. शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा यायची गरज उरत नाही, आणि एकच पाठ जगात कुठेही विकता येतो. चित्र दाखवून शब्द विचारणारी आजची ॲप्स याच घराण्यातली.

वेळेचं काय? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती चांगली स्पॅनिश यायला ती वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास धरते, घरचा अभ्यास वेगळा. रोज पंधरा मिनिटांनी ६०० तास भरायचे, तर साडेसहा वर्षं लागतात. रोज एक तास दिला तर दोन वर्षांच्या आत. पद्धत कुठलीही घ्या, हा हिशोब चुकत नाही.

पण हा हिशोब इंग्रजी बोलणाऱ्याचा आहे, आणि पिनपिनचा धडा इथे मराठी माणसाच्या कामी येतो. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण ती इंग्रजीतून शिकतात. मग ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य त्यांना उलटं-सुलटं करून समजावलं जातं: इथे कॉफी कर्ता आहे, आवडणारा माणूस कर्ता नाही, गोंधळू नका. मराठीत गोंधळायचं काय? ‘मला कॉफी आवडते.’ आपलंही वाक्य असंच चालतं.

‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर बघतो, पण ‘बेओ आ मारिया’ म्हणजे मी मारियाला बघतो. माणूस आला की मधे ‘आ’ येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम घोकावा लागतो. आपण घर बघतो आणि मारियाला बघतो, तो ‘ला’ आपल्या तोंडात आधीच आहे. ‘दिहिस्ते’ म्हणजे ‘सांगितलंस’. ‘तू’ वेगळा सांगावा लागत नाही, क्रियापदातच कळतो. आणि सांगायचाच झाला, तर तो शब्दही ‘तू’च. आदराने बोलायचं तर ‘उस्तेद’. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला, त्याच कुळातला.

अडचणीही आपल्या वेगळ्या. नामाआधी लागणारे ‘एल’ आणि ‘ला’ मराठीत नाहीत. आपल्याला एक ‘असणं’ पुरतं, तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं. आपली लिंगं तीन, त्यांची दोन. टेबल आपल्याकडे ‘ते’, तिकडे ‘ती’. वेळ घालवायचा तर तो इथे घालवावा. शब्दसंपत्तीसाठी इंग्रजीची मदत जरूर घ्यावी, कारण लॅटिनमधून आलेले हजारो शब्द दोन्हीकडे सारखे आहेत. पण वाक्याची बांधणी मराठीतून शिकावी.

मोठ्या माणसाकडे लहान मुलासारखा कान नसतो, रिकामा दिवस नसतो. त्याच्याकडे एक पूर्ण भाषा मात्र असते. तिला वर्गाबाहेर उभं करण्याचं कारण पिनपिनला दिसलं नव्हतं. म्हणून नव्या वहीचं पहिलं पान असं असू द्या: डावीकडे ‘मला आवडतं’, उजवीकडे ‘मे गुस्ता’. आणि जमलं, तर चाल लावून म्हणा.